गावी एकट्या आईसाठी 'सोबतीला येणारी' सर्व्हिस : दापोली-हर्णै साइडचा अनुभव (४ स्टार)

गावी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून दोनतीनदा कोणीतरी येणार, गप्पा मारणार, बारीकसारीक कामं करून देणार अशी सर्व्हिस आता दापोलीतून आमच्या अंजर्ले साइडलाही मिळते. गेल्या पावसाळ्याआधीपासून आईसाठी लावलीय, म्हणून आईवडील गावाला आणि स्वतः डोंबिवली-विरारला असलेल्यांसाठी लिहितोय.

पहिलं क्लिअर करतो, ही नर्सिंग नाही. इंजेक्शन, ड्रेसिंग, आंघोळ घालणं, उचलून बसवणं यातलं काही करत नाहीत, स्वयंपाकपण नाही. माणूस अंथरुणाला खिळला असेल तर इथे पैसे घालवू नका. आमची आई 80 च्या वर आहे पण चालतीफिरती, स्वतःचं करून खाते, फक्त दिवसभर बोलायला कोण नाही. आळीतली निम्मी घरं कुलपात, ती उघडणार थेट गणपतीला.

येणारी ताई हर्णैची. गोळ्या वारांच्या डबीत लावून देते, लाइट बिल भरते, फ्रिजमधलं शिळं बाहेर काढते (यावरून दोघींचं वाजतं), पावसात शेवाळ धरलेल्या पाखाडीवरून आईला हात धरून देवळापर्यंत नेते. पण बराचसा वेळ दोघी पडवीत बसून कोणाची सून कुठली हेच चाललेलं असतं आणि खरं सांगायचं तर पैसे त्याचेच आहेत. सुरुवातीला आई आळीत 'बँकेची बाई आहे' म्हणून सांगायची, मुलांनी पगारी माणूस ठेवलंय असं लोक बोलतील म्हणून.

एक काम मात्र जबरदस्त झालं. वडील पोस्टात होते, आईला फॅमिली पेन्शन आहे, आणि हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरला रिक्षा करून दापोली, त्यात तिच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटतच नाहीत. यंदा ताईने मोबाइलवर चेहरा स्कॅन करून पडवीतच जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, काढून दिलं. केंद्राच्या पेन्शनवाल्यांना 80 नंतर दाखला ऑक्टोबरपासूनच देता येतो हेही तिनेच सांगितलं. ओटीपी आईकडूनच टाकून घेतला. पासबुक, एटीएम कार्डला हात लावायचा नाही असा त्यांचा नियम आहे आणि ते पाळतात, कुठलीही सर्व्हिस लावताना हे आधी विचारा. सरकारची ज्येष्ठांसाठीची फुकट हेल्पलाइन आहे 14567, तो नंबरपण आईच्या फोनजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय.

आता एक स्टार का कापला. प्रत्येक व्हिजिटनंतर आम्हा भावंडांच्या ग्रुपवर रिपोर्ट यायचा, मूड ठीक, जेवण अर्धं, बीपी इतकं. लगेच तिघांचे फोन आईला, अर्धंच का जेवलीस म्हणून. आई जाम भडकली, ताईला म्हणाली, "माझ्या घरात बसून माझ्याच चहाड्या सांगतेस काय गो?" आणि पुढे काही दिवस तिच्याशी धड बोललीच नाही. ऑफिसला सांगितलं तर म्हणे रिपोर्ट पॅकेजमध्येच आहे. बरीच हुज्जत घातल्यावर आता ताई लिहिलेलं आधी आईला वाचून दाखवते, आईला नको ते आई कापते, फक्त बीपी जास्त आलं तर कळवायचं हे तिने स्वतःच मान्य केलंय. त्यामुळे रिपोर्टात आता फारसं काही उरत नाही. चालेल. पैसे आम्ही देत असलो तरी ती बाई येते आईकडे, आमचा कॅमेरा म्हणून येत नाही, आणि हे ऑफिसवाल्यांना आपल्यालाच समजावावं लागतं.

दुसरं, एकदा ताई आजारी तर न सांगता दुसरीच मुलगी पाठवली. आईने खिडकीतूनच सांगितलं, "घरात कोण नाय."

पैसे तासावर, एसटी चुकली तर रिक्षाचे वेगळे लावतात. जुलैत लाइट आणि रेंज दोन्ही गेलं की ताई येऊन गेली की नाही तेही कळत नाही, शेजारी विचारावं लागतं. आणि भातलावणीला त्यांच्या बऱ्याच बायका सुट्टीवर असतात, गणपतीलापण. गणपतीत आपण गावी असतो म्हणून निभावतं, लावणीच्या दिवसांचं मात्र मे महिन्यातच बोलून ठेवा.