रॅट या गिटारचा आवाज फाडणाऱ्या (डिस्टॉर्शन) पेडलची नक्कल, पावसाळ्यापासून वापरतोय: आवाज झकास, फिल्टर डोक्याला ताप

फूटस्विच गेला म्हणून लिहायला बसलो. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं, पेडल आमच्याकडे पाठवा, कुरिअर दोन्हीकडचं तुमचं. मग वॉरंटी कसली डोंबलाची? पुण्यात तापकीर गल्लीत नऊ पायांचा स्विच घेतला, घरी सोल्डर मारला, विषय संपला.

मूळ रॅट 1978 पासूनचं, अमेरिकेतल्या कलामझूचं, त्याबद्दल सांगायला नको. त्यात सिग्नल वाढवणारी चिप एलएम308 हवी की ओपी07 चालते, यावर लोक रात्री जागवतात. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आणि ढोलकी सुरू झाल्यावर तो फरक ऐकू येणारा कान मला दाखवाच. गेन, म्हणजे आवाज किती फाटेल तो नॉब, घड्याळातल्या दहाच्या काट्यावर ठेवून नुसता सा-प वाजवला की भिंत उभी राहते. त्यात गंधार घातला की चिखल, पण ते कुठल्याही डिस्टॉर्शनचं.

आता फिल्टर, म्हणजे टोनचा नॉब. मूळ पेडलमध्येही तो असाच आहे, माहितीये. उजवीकडे फिरवला की ट्रेबल कापला जातो, पार टोकाला नेला तर 475 हर्ट्झपासूनच. जगातला प्रत्येक टोन नॉब उजवीकडे धारदार होतो, यालाच काय धाड भरली? स्टेजवर निळा लाइट, साऊंडवाला ओरडतोय "दादा, ट्रेबल कमी करा", हात सवयीने डावीकडे जातो आणि मॉनिटर किंचाळतो. आता बायकोच्या नेलपॉलिशने बाण काढलाय. अंधारात तोही दिसत नाही.

एवढं असूनही महिन्याभरापूर्वी हे पेडल विकायचा बेत मी रद्द केला. स्विचसाठी उघडलंच होतं, तर आतले दोन सिलिकॉन डायोड काढून लाल एलईडी लावले. टर्बो रॅटमध्ये हेच असतं. डायोड साधारण 0.6 व्होल्टला लाटेचं डोकं छाटतो, लाल एलईडी 1.7च्या आसपास. त्यामुळे आवाज मोठा झाला, दबलेपणा गेला, पिक हळू मारला तर सूर साफही येतो. खर्च चहाएवढा!

फिल्टरचं मात्र अडलंय. पॉटचे (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरचे) कडेचे पाय अदलाबदल केले तर दिशा सुलटी होते, पण पॉट लॉग टेपरचा, म्हणजे फिरवताना रेझिस्टन्स सारखा न वाढणारा, त्यामुळे सगळा बदल एका टोकाला कोंबला जातो. सी टेपरचा, म्हणजे उलट्या लॉगचा, 100 किलोओहमचा हवा. पुण्यात मला मिळाला नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुणी पाहिला असेल तर दुकान आणि भाव दोन्ही कळवा.