उपजत वर्तन आणि शिकलेले वर्तन

देवणी गाईचे वासरू जन्मल्यावर साधारण तासाभरात धडपडत उभे राहते आणि कोणी न दाखवता कासेला लुचू लागते; तेच वासरू पुढे गोऱ्हा झाले, की जू मानेवर घेऊन सरळ चालण्यासाठी मात्र त्याला जाणत्या बैलाच्या जोडीने औताला धरावे लागते. पहिले वर्तन उपजत असून त्या जातीच्या सर्व प्राण्यांत जवळपास सारखे आढळते, तर दुसरे अनुभवाने घडते आणि पुढच्या पिढीत आपोआप उतरत नाही.

सुगरण पक्ष्यापाशी ही विभागणी डळमळते. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारे खोपे, नाव सुगरण असले तरी, नर विणतो. विणण्याची ओढ त्याच्यात जन्मजात असते. परंतु कोवळ्या नराचे पहिले प्रयत्न ओबडधोबड होतात आणि सरावानेच वीण घट्ट होत जाते.

माणसात शिकण्याचा वाटा मला कितीतरी मोठा वाटतो. नवजात बाळ तळहाताला लागलेले बोट न शिकता धरते. भाषा शिकण्याची क्षमताही ते घेऊनच येते. पण नांदेडच्या एखाद्या गल्लीत ते मराठीबरोबर दखनीही बोलू लागते, ते दोन्ही भाषा रोज कानांवर पडतात म्हणून.