लाडली बहना की नारी सन्मान?

२०२३ च्या मध्य प्रदेश विधानसभेच्या प्रचारात इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओट्यावर एकच हिशेब चालायचा: कोणाचं वचन घरात किती आणणार?

भाजप सरकारची लाडली बहना, म्हणजे बायकांच्या खात्यात दरमहा पैसे टाकणारी योजना, तोवर सुरूही झाली होती. जूनमध्ये हजार, ऑक्टोबरात साडेबाराशे, पुढे टप्प्याटप्प्याने तीन हजारांपर्यंत नेण्याचं आश्वासन. काँग्रेसची नारी सन्मान योजना थेट दीड हजारांची, पण सत्ता आली तर. आकडा काँग्रेसचा मोठा; मात्र काकूंच्या पासबुकात एक नोंद पडलेली होती, दुसरी पडायची होती. माझ्या मते सगळा फरक इथेच. आमची आत्या साठी ओलांडलेली, त्यामुळे लाडली बहनात बसेना. "मी काय कोणाची बहीण नाही?" म्हणून ती आठवडाभर धुसफुसत होती.

सिलिंडर भाजपचं ४५० ला, काँग्रेसचं ५०० ला; त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. गव्हाला खरेदीभाव क्विंटलमागे भाजपचा २,७००, काँग्रेसचा २,६००; धानाला मात्र भाजपचा ३,१००, काँग्रेसचा २,५००.

विजेच्या बाबतीत काँग्रेसचं पारडं जड वाटायचं: १०० युनिट मोफत, २०० पर्यंत अर्धं बिल. जुन्या पेन्शनचा शब्दही तिनेच दिला, म्हणून सरकारी नोकरीतले शेजारी तिकडे झुकले. मध्य प्रदेशची आयपीएल टीम काढू, हेही त्याच वचनपत्रात! पोरं खूश.

१७ नोव्हेंबरला मतदान झालं. २३० पैकी भाजपला १६३, काँग्रेसला ६६. इंदूर जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा भाजपकडे गेल्या. आत्याने मत कोणाला दिलं, ते अजून सांगितलेलं नाही.