हार्वेची समुद्रशैवालं: आठ महिने वापरल्यानंतर

विल्यम हेन्री हार्वे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ‘फायकॉलॉजिया ब्रिटानिका’ या समुद्रशैवालांवरच्या ग्रंथाची मोफत डिजिटल प्रत मी ऑक्टोबरपासून जवळजवळ रोज उघडतेय. मला जलरंगात समुद्रशैवालं काढायला शिकायचं होतं, आणि मी राहते आयर्लंडमध्ये लिमरिकला, म्हणजे हार्वे १८११ मध्ये जन्मला त्याच गावी. १८४६ ते १८५१ या काळात निघालेल्या या ग्रंथात ३६० रंगीत शिळाछाप चित्रं आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञही तोच आणि दगडावर चित्र काढणाराही तोच. हे प्रत्येक पानावर जाणवतं.

सुरुवातीचे दोन-तीन महिने मी नुसत्या मोठ्या चित्राची नक्कल करत बसायचे. तळाशी बारीक आकृत्या असतात: फांदीचं टोक मोठं करून दाखवलेलं, कुठे आडवा छेद, कुठे बीजाणूंचे पुंजके. त्यांच्याकडे माझं लक्षच नसायचं. जानेवारीत वादळानंतर स्पॅनिश पॉइंटच्या किनाऱ्यावर एक लालसर, फाटकी काडी सापडली. फेकूनच देणार होते, पण तिच्यावर मोहरीएवढी पानं चिकटलेली दिसली. घरी येऊन डेलेसेरिया सँग्विनियाचं पान उघडलं. उन्हाळ्यात रक्तासारखं लाल, शिरा असलेलं, अगदी झाडाच्या पानासारखं दिसणारं हे शैवाल हिवाळ्यात झडतं, मधली शीर तेवढी उरते आणि तिच्यावर बीजाणूंची छोटी पानं येतात. माझ्या हातात होती तीच शीर! त्या दिवसापासून मी आधी तळाच्या आकृत्या बघते.

दुसरा फायदा फांद्या मोजण्यात झाला. प्लोकॅमियम या लाल शैवालाच्या फांद्या फणीच्या दातांसारख्या: काही एका बाजूला, मग तितक्याच दुसऱ्या बाजूला. हार्वेने हा क्रम कुठेही ढिला सोडलेला नाही. आता मीही नमुना आधी ताटातल्या पाण्यात तरंगवते, खालून जाड कागद सरकवते, ब्रशने फांद्या मोकळ्या करते आणि हळूच उचलते. वर मलमलीचा तुकडा, त्यावर वर्तमानपत्रं आणि वजन. नाजूक लाल शैवालं आपल्याच चिकाने कागदाला धरून बसतात, डिंक लागत नाही.

तक्रारी दोन. एकाच चित्राचा लाल रंग एका स्कॅनमध्ये विटकरी, दुसऱ्यात गुलाबी. रंग जुळवायला हे स्कॅन भरवशाचे नाहीत, त्यासाठी ओला नमुनाच समोर हवा. दुसरी अडचण नावांची. इथे डिलिस्क म्हणून खातात ते शैवाल हार्वेकडे ऱ्होडिमेनिया पामाटा आहे, आज ते पामारिया पामाटा. प्रत्येक नाव ‘अल्जीबेस’ या शैवालांच्या ऑनलाइन माहितीकोशावर तपासून घ्यावं लागतं.

ॲना ॲटकिन्सचे निळे ठसेही मी शेजारी ठेवते. हार्वेच्या १८४१ च्या पुस्तकात चित्रं नव्हती. त्याला जोड म्हणून तिने १८४३ पासून खऱ्या शैवालांचे सायनोटाइप काढले, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर शैवाल ठेवून उन्हाने उमटवलेले निळे ठसे. बाह्यरेषा तिच्याइतकी खरी कुणाचीच नाही, पण छेद आणि बीजाणू तिथे दिसत नाहीत. पाठ्यपुस्तक म्हणून मी हार्वेच निवडेन, आणि नवशिक्यांना सांगेन की पहिला महिना फक्त पेन्सिल वापरा. मी थेट रंगाने सुरुवात केली होती, ती पंधरा पानं आता पुन्हा काढतेय.