‘रायट’पासून सुरुवात करावी की ‘पीस ऑर लव’पासून?

किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स ऐकायला सुरुवात करायची आहे, पण पहिला अल्बम कोणता लावावा, हे ठरत नसेल तर खरी निवड दोघांतच आहे: २००४ चा ‘रायट ऑन ॲन एम्प्टी स्ट्रीट’ आणि २०२१ चा ‘पीस ऑर लव’. नॉर्वेतल्या बर्गनची ही जोडी, एर्लेंड ओये आणि आयरिक बोए, दोघांचाही जन्म १९७५ चा. म्हणजे पहिला अल्बम तिशीच्या उंबरठ्यावरचा, दुसरा पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचा. गळे तेच, गिटारीही त्याच. तरी दोन्ही अल्बम ऐकण्याची रीत अगदी वेगळी आहे, आणि तुमची निवड तिच्यावरच ठरावी असं मला वाटतं.

‘रायट’ आपणहून ओळख करून घेतो. पहिलंच गाणं ‘होमसिक’: फक्त दोन गिटार आणि दोन आवाज, पहिल्या ओळीपासून एकमेकांना चिकटून चाललेले. गाण्यातला माणूस नोकरीच्या वेळेत एक रेकॉर्ड ऐकत बसलाय. विक्री बुडेल, साहेब चिडतील हे त्याला कळतंय, पण रेकॉर्डवरचे ते दोन मऊ आवाज सोडवत नाहीत. मीही हे गाणं पहिल्यांदा काम करता करताच ऐकलं आणि हातातलं काम तसंच राहिलं. पुढे ‘मिसरेड’मध्ये पियानो येतो, मधूनच व्हायोला येतो, ‘आय’ड रादर डान्स विथ यू’मध्ये तर चक्क ड्रम्सवर पाय हलायला लागतो. शांत संगीताची सवय नसलेल्याला हे गाणं दारापाशी उभं राहून हाताला धरून आत नेतं. अल्बमच्या मध्यावर दोन-तीन गाणी थोडी सैलावतात, हेही खरं. पण चाली इतक्या पक्क्या आहेत की दुसऱ्या दिवशी दात घासताना एखादी आपसूक ओठांवर येते.

‘पीस ऑर लव’ असं काही करत नाही. २००९ च्या ‘डिक्लरेशन ऑफ डिपेंडन्स’मध्ये त्यांनी ड्रम्स आणि तालवाद्यं पूर्णच काढून टाकली होती. त्यानंतर बारा वर्षं नवा अल्बम नाही. हा अल्बम पाच वर्षांत, पाच शहरांत मिळून रेकॉर्ड झाला. अकरा गाणी, सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आत. मी पहिल्यांदा फोनच्या स्पीकरवर, इकडेतिकडे वावरताना ऐकला आणि सगळी गाणी सारखीच वाटून बाजूला ठेवला. चूक माझ्या ऐकण्यात होती. काही आठवड्यांनी रात्री दिवा मालवून, हेडफोन लावून ‘रूमर्स’ सुरू केलं आणि तेव्हा कुठे आत काय चाललंय ते कळलं.

ते थोडं जवळून सांगतो, कारण निर्णय इथेच होतो. या जोडीत बोएच्या हातात नायलॉनच्या तारांची गिटार असते आणि ओयेच्या हातात स्टीलच्या तारांची. नायलॉनचा सूर गोल, जरा ओलसर. तो खाली धरून ठेवतो, आणि स्टीलचा त्याच्यावर बारीक नक्षी काढतो. एक थांबतो तिथे दुसरा बोलतो. फोनच्या स्पीकरवर खालचा सूर जवळपास नाहीसाच होतो, उरते ती नुसती नक्षी, मग गाणी एकसुरी वाटणारच. हेडफोनमध्ये मात्र तारेवरून बोट सरकल्याचा बारीक आवाज, ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वास, सगळं कानाशी येतं. ‘रायट’मध्येही हे आहे, पण तिथे पियानो आणि ड्रम्स सांभाळून घेतात. ‘पीस ऑर लव’मध्ये सांभाळून घ्यायला फारसं कोणी नाही.

दोन्ही अल्बम एकाच मापाने मोजायचे तर फाइस्टचा आवाज घ्या. ही कॅनेडियन गायिका दोन्हीकडे पाहुणी आहे, दोन्हीकडे दोन-दोन गाण्यांत. २००४ मध्ये तिचं नाव जगभर पोचायचं होतं. ‘नो-हाऊ’ आणि ‘द बिल्ड-अप’मध्ये ती गाण्याच्या शेवटाकडे येते, खिडकी उघडावी तशी, आणि गाणं एकदम उजळतं. २०२१ च्या ‘लव इज अ लोनली थिंग’मध्ये तिला स्वतःचं कडवं आहे. इथे ती काही उजळत नाही. प्रेम म्हणजे एकटेपणा पत्करणं, हे त्या दोघांइतकंच तिलाही माहीत असल्यासारखी शेजारी बसून गाते. मला हे गाणं अख्ख्या अल्बममध्ये सर्वांत मोठं वाटतं.

शब्दांतही वयाचा फरक ऐकू येतो. ‘मिसरेड’मध्ये आपल्याला कोणी चुकीचं वाचलं याची खंत आहे. सतरा वर्षांनंतरच्या ‘रॉकी ट्रेल’मध्ये समोरच्याची खडतर वाट आपल्यालाच दिसली नाही, ही टोचणी आहे. ‘कोम्ब माय हेअर’ तर ज्याच्यासाठी केस विंचरावेत असं माणूसच उरलं नाही, एवढ्याशा गोष्टीवर उभं आहे. ‘एंजल’ आणि ‘फीव्हर’ त्या मानाने हलकी आहेत, ती नसती तर अल्बम जड झाला असता.

तर प्रवासात, स्वयंपाक करताना, चार माणसांत ऐकणार असाल तर ‘रायट’ घ्या, आणि पुन्हा विचार करू नका. ज्याला असं संगीत कधीच आवडलं नाही अशा मित्राला द्यायचा असेल तरी तोच. एकट्याने, रात्री, सलग चाळीस मिनिटं देऊ शकत असाल तर ‘पीस ऑर लव’. विकत घेऊन कायम जवळ ठेवायचा एकच असेल तर मी हाच घेईन, कारण ‘रायट’ मला आता पाठ झालाय आणि यात अजून दर वेळी एखादी नवी तार सापडते. ज्याच्या नावाचा त्या वेळी बराच गाजावाजा झाला तो २००१ चा ‘क्वाएट इज द न्यू लाउड’ सुंदरच आहे, पण तो तिसरा ऐका. दोघं कुठून निघाले ते तेव्हा जास्त नीट कळेल.

एवढं वाचूनही ठरत नसेल तर हेडफोन लावा आणि ‘नो-हाऊ’ला लागूनच ‘लव इज अ लोनली थिंग’ ऐका. दहा मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. ज्या गाण्यानंतर हात पुढच्या गाण्याकडे न जाता तेच परत लावायला गेला, त्याचा अल्बम आधी.