टर्मक्स: जुन्या फोनवरून चालणारी वाचनालयाची ग्रंथसूची

आमच्या गावच्या वाचनालयातील सुमारे सात हजार पुस्तकांची सूची वाचकांना स्वतःच्या मोबाइलवर पाहता यावी, यासाठी गेल्या सव्वा वर्षापासून आम्ही एक वेब सर्व्हर, म्हणजे मागितलेली वेब पाने पुरवणारे यंत्र, चालवत आहोत. हा सर्व्हर म्हणजे ग्रंथपालांच्या टेबलामागच्या कपाटावर उभा करून ठेवलेला, कोणीतरी वापरून बाजूला टाकलेला एक अँड्रॉइड फोन आहे. ज्या ॲपमुळे हे जमले त्या टर्मक्सविषयी सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

टर्मक्स हे विनामूल्य आणि मुक्तस्रोत ॲप २०१५पासून उपलब्ध आहे. फोन रूट न करता, म्हणजे त्याच्या प्रणालीचे पूर्ण अधिकार न घेता, ते त्यावर लिनक्स या संगणकप्रणालीसारखे वातावरण उभे करते आणि संगणकावर आपण वापरतो तीच कित्येक सॉफ्टवेअरे त्यात बसवता येतात. फोनवर वेब सर्व्हर ही कल्पना तशी जुनी आहे, कारण नोकियाच्या संशोधन केंद्राने २००६च्या सुमारासच सिम्बियन प्रणालीच्या आपल्या फोनांवर अपाचे हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर चालवून दाखवले होते. आज मात्र त्यासाठी संशोधन केंद्राची गरज उरलेली नाही. आम्ही एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी (पाने तयार करणारी भाषा) आणि एसक्यूलाइट (माहितीसाठा) एका बैठकीत बसवले. ॲप घेताना ते एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत ॲपांच्या भांडारातून घ्यावे आणि त्याची पूरक ॲपेही तिथूनच घ्यावीत, कारण वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या प्रतींची डिजिटल स्वाक्षरी जुळत नाही आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

रूट न केलेल्या फोनवर १०२४च्या खालचे पोर्ट (जोडणीच्या दारांचे क्रमांक) वापरता येत नाहीत, त्यामुळे वेबसाठी नेहमीचे ८० हे पोर्ट मिळत नाही आणि एनजिनएक्स ८०८०वर चालतो. वाचकांना एवढा लांब पत्ता टाइप करायला लावणे योग्य नव्हते, म्हणून आम्ही टेबलावर क्यूआर कोड चिकटवला. राउटरमध्ये फोनसाठी ठरावीक आयपी पत्ता राखून ठेवावा लागतो. तसे करताना फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये यादृच्छिक मॅक पत्ता (राउटर ज्यावरून फोन ओळखतो तो क्रमांक) बंद करून फोनचा स्वतःचा पत्ता निवडायला विसरू नये, कारण अँड्रॉइड १०पासून यादृच्छिक पत्ता हाच आपोआप निवडलेला पर्याय असतो.

वेगाबद्दल तक्रार करण्यासारखे काहीच नाही. संध्याकाळी एकाच वेळी दहा-बारा जण पुस्तके शोधत असले तरी पान चटकन उघडते. खरी परीक्षा वेगळीच असते: फोन हा झोपण्यासाठी बनवलेला आहे आणि सर्व्हरने जागे राहायचे असते. पहिल्या आठवड्यात स्क्रीन चालू असताना सगळे सुरळीत असे आणि स्क्रीन बंद होऊन थोडा वेळ गेला की पान उघडायला पुष्कळ वेळ लागे, कधी उघडतच नसे. टर्मक्सच्या सूचनापट्टीत वेक लॉकचे बटण आहे. ते दाबल्यावर प्रोसेसर झोपत नाही. त्याशिवाय फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन टर्मक्सला बॅटरी बचतीतून वगळावे लागते. फोन पुन्हा सुरू झाल्यावर सर्व्हरही आपोआप सुरू व्हावा, यासाठी टर्मक्स बूट हे पूरक ॲप उपयोगी पडते.

सातव्या महिन्यात मात्र आमच्या हातून झालेली मोठी चूक लक्षात आली. फोन दिवसरात्र चार्जरला जोडलेला होता, बॅटरी कायम शंभर टक्क्यांवर होती आणि कपाटावर उन्हाळ्यातली गरम हवा. एके दिवशी पुसायला म्हणून हातात घेतला, तर मागचे झाकण एका कोपऱ्यात नखभर उचललेले दिसले आणि टेबलावर ठेवताच फोन डुगडुगू लागला. बॅटरी फुगली होती. अशी बॅटरी दाबायची नसते, टोचायची तर मुळीच नसते. आम्ही फोन लगेच बंद केला आणि ई-कचरा संकलनात दिला. आता दुसऱ्या फोनला टायमरच्या सॉकेटवरून दिवसातून दोनदाच वीज मिळते. टर्मक्स एपीआय या पूरक ॲपच्या साहाय्याने बॅटरीचे प्रमाण आणि तापमान दर पंधरा मिनिटांनी एका फाइलीत नोंदवले जाते आणि ते प्रमाण साधारण ४० ते ८० टक्क्यांमध्ये राहील अशा बेताने आम्ही टायमरच्या वेळा ठरवल्या आहेत. फोनवर सर्व्हर चालवू इच्छिणाऱ्याने ही व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी, असे मी कळकळीने सांगेन.

दुसऱ्या फोनवर अँड्रॉइड १३ आहे आणि त्याने नवी अडचण आणली. मध्येच टर्मक्सच्या पडद्यावर सिग्नल ९ने (सक्तीने बंद करण्याच्या आदेशाने) प्रक्रिया संपल्याची एक ओळ दिसे आणि सर्व्हर बंद पडलेला असे. अँड्रॉइड १२पासून ॲपांनी सुरू केलेल्या उपप्रक्रियांवर (त्यांच्या आत चालणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामांवर) सगळ्यांची मिळून ३२ची मर्यादा आहे. ती ओलांडली किंवा एखादी उपप्रक्रिया प्रोसेसर फार वापरू लागली, तर प्रणाली ती बंद करते. फोन संगणकाला जोडून एडीबी या अँड्रॉइडला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या एका आज्ञेने ही देखरेख थांबवता येते. अँड्रॉइड १४मध्ये तर त्यासाठी डेव्हलपर पर्यायांतच बटण दिले आहे. आम्ही ती आज्ञा दिल्यापासून सर्व्हर बंद पडलेला नाही.

सूची घरबसल्या पाहता यावी, ही काही सभासदांची मागणी होती. मोबाइल डेटावर अनेक ग्राहकांमध्ये एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून थेट फोनपर्यंत पोहोचता येत नाही. फोनने स्वतःहून बाहेर जोडणी करावी आणि त्याच बोगद्यातून वाचक आत यावेत, असा मार्ग असतो. त्यासाठी लागणारे क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीचे सॉफ्टवेअर टर्मक्समध्ये मिळते; कायमचा पत्ता हवा असेल तर स्वतःचे डोमेन मात्र घ्यावे लागते.

भारनियमनाच्या वेळी फोनची बॅटरी हीच त्याची यूपीएस ठरते, हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. अर्थात राउटर बंद पडला तर त्याचा उपयोग शून्य, म्हणून राउटरला छोटी यूपीएस जोडली आहे.

जुन्या फोनांना सुरक्षा अद्यतने मिळत नाहीत, ही गोष्ट मी गंभीरपणे घेतो. त्यामुळे या फोनवर फक्त पुस्तकांची नावे, लेखक आणि कपाट क्रमांक आहेत. सभासदांचे पत्ते, फोन क्रमांक आणि कोणी कोणते पुस्तक नेले याच्या नोंदी कार्यालयातल्या संगणकावरच राहतात आणि सूचीची ताजी फाइल दर शनिवारी तिथून एसएसएच या सुरक्षित जोडणीने फोनवर पाठवली जाते.