बावीस माणसांचे जेवण : बंद हॉल, गार्डन रेस्टॉरंट की घरची गच्ची?

सहस्रचंद्रदर्शन, डोहाळजेवण, साखरपुडा किंवा मुलीला नोकरी लागल्याचा आनंद, निमित्त कोणतेही असो, पंधरा-पंचवीस माणसांना एकत्र जेवायला न्यायचे म्हटले की २०२० च्या कोरोनाकाळात इंदूरमध्ये पहिला प्रश्न पदार्थांचा नसून जागेचा असे. आमच्या घरी त्या नोव्हेंबरमध्ये हा प्रश्न आला, तेव्हा माणसे बावीस होती आणि ती पाच वेगवेगळ्या घरांतून येणार होती. त्या वेळी केलेली चौकशी आणि झालेली एक चूक लक्षात घेऊन, त्या डिसेंबरातला बेत ठरवणाऱ्यांसाठी ही तुलना लिहिली होती.

आधी तेव्हाचे नियम पाहू. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ४ जून २०२० रोजी काढलेल्या आणि ८ जूनपासून लागू झालेल्या सूचनांनुसार रेस्टॉरंटमध्ये एकूण आसनांच्या ५० टक्क्यांहून अधिक माणसे बसवता येत नसत. वातानुकूलन २४ ते ३० अंशांदरम्यान ठेवून बाहेरची हवा शक्य तितकी आत घ्यावी, गिऱ्हाईक उठले की प्रत्येक वेळी टेबल निर्जंतुक करावे, कापडी नॅपकिनऐवजी कागदी द्यावेत, असेही त्यांत सांगितले होते. त्यातच ६५ वर्षांवरील व्यक्ती, गर्भवती स्त्रिया, जुने आजार असलेले लोक आणि दहा वर्षांखालील मुले यांनी शक्यतो घरीच राहावे, असा सल्ला होता. दिवाळीनंतर आठवड्याच्या आतच, २१ नोव्हेंबरपासून, इंदूरमध्ये रात्री १० ते सकाळी ६ संचारबंदी लागू झाली.

५० टक्क्यांचे हे गणित फोन करण्यापूर्वीच मांडून पाहावे लागे. चाळीस आसनांच्या जागेत वीसच माणसे बसू शकत, म्हणजे बावीस जणांना तेथे नियमाप्रमाणे जागाच नव्हती. साठ आसनांच्या जागेत तिसांची मुभा असे, पण त्यांतल्या बावीस जागा आपणच अडवल्या तर मालकाकडे इतरांसाठी आठच उरत, आणि रविवारी रात्री आठ वाजता तो ते का मान्य करणार? दुपारी बाराची किंवा साडेतीनची वेळ मागितली, तर मात्र तीच व्यक्ती आनंदाने तयार होई, असा आमचा अनुभव होता.

आता मुख्य तुलनेकडे येऊ. पहिला पर्याय म्हणजे नेहमीचे वातानुकूलित रेस्टॉरंट. सोय सर्वांत अधिक, चव ओळखीची, गाडी लावायची चिंता कमी; पण हवा बंद. चीनमधील ग्वांगझू येथे २४ जानेवारी २०२० रोजी खिडक्या नसलेल्या एका वातानुकूलित रेस्टॉरंटमध्ये शेजारच्या तीन टेबलांवर जेवलेल्या तीन कुटुंबांतील १० जणांना कोरोनाचा संसर्ग झाल्याचे आढळले. टेबलांमध्ये सुमारे एक मीटर अंतर होते आणि तिन्ही टेबले एसीच्या एकाच झोतात होती. त्या झोताबाहेर बसलेल्यांना किंवा वाढप्यांना मात्र बाधा झाली नाही. अभ्यासकांनी याचे कारण एसीच्या झोताची दिशा असल्याचे सांगितले. तेव्हा टेबलांमधले अंतर मोजून निश्चिंत होण्याऐवजी हवा कुठून येते आणि कुठे जाते, हे विचारणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. बंद जागेत जायचेच असेल, तर एसी नको, खिडक्या उघड्या हव्यात, हे आरक्षण करतानाच स्पष्ट सांगावे; थंडीच्या दिवसांत त्याने कोणाचीही गैरसोय होत नाही.

दुसरा पर्याय रेस्टॉरंटचाच स्वतंत्र पार्टी हॉल. येथे अनोळखी माणसे नसतात, हा मोठा दिलासा आहे, आणि ज्येष्ठांना बरे वाटते तेही त्यामुळेच. परंतु धोका केवळ अनोळखी लोकांकडून येतो, हा समज मला बरोबर वाटत नाही. पाच घरांची माणसे एका बंद खोलीत दोन तास बसणार, संगीत लावले की त्यावर आवाज चढवून बोलणार, आणि मोठ्याने बोलताना तोंडातून अधिक तुषार बाहेर पडणार. शिवाय हॉलवाले बरेचदा ठरावीक ताटांची हमी मागतात, त्यामुळे बावीस माणसांसाठी चाळीस-पन्नास ताटांचे पैसे मोजावे लागू शकतात. वाढण्याची पद्धत बुफेची असेल, तर एकच डाव बावीस हातांतून फिरतो. हा पर्याय मी सर्वांत शेवटी ठेवीन.

तिसरा, आणि माझ्या मते बहुतेक बेतांसाठी सर्वांत योग्य, पर्याय म्हणजे बायपास, खंडवा रोड किंवा महूच्या दिशेची उघड्यावरची गार्डन रेस्टॉरंटे. डिसेंबरात येथे रात्री पारा दहा-अकरा अंशांपर्यंत उतरतो, पण दुपारी पंचवीसच्या आसपास असतो. म्हणजे उन्हात बसून जेवण्यासाठी याहून चांगला काळ वर्षभरात नाही. दुपारी जेवल्यास तेव्हा संचारबंदीपूर्वी घरी पोहोचण्याची घाईही राहत नसे. मात्र ‘उघड्यावर’ म्हणजे नेमके काय, हे विचारून घ्यावे, कारण चारही बाजूंनी ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचे पडदे सोडलेला मांडव हा हॉलच झाला. तेथे गेल्यावर व्यवस्थापक आपुलकीने सगळी टेबले जोडून एक लांब पंगत मांडून देऊ पाहतो. तेव्हा त्याला नम्रपणे थांबवावे आणि एका चुलीची माणसे एका टेबलावर, अशी पाच टेबले सुटी मांडायला लावावीत. गप्पा तेवढ्याच होतात, फक्त थोड्या लांबून होतात. वाढणारी माणसे एक-दोनच आणि मास्क लावलेली असावीत, हेही आधी ठरवावे.

सराफा किंवा छप्पन दुकान या खाऊगल्ल्यांचा विचार मनात येणे इंदूरकरांना साहजिक आहे, पण आरक्षित बैठकीसाठी त्या जागाच नव्हेत, आणि दागिन्यांची दुकाने बंद झाल्यावर जागणारा सराफा तेव्हाच्या दहाच्या संचारबंदीत कसा रंगणार होता?

चौथा पर्याय घरचाच : गच्ची किंवा अंगण, आणि बाहेरून मागवलेले जेवण. दाल-बाफले (बाफले म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे) आणि लाडू हे माळव्याचे पंगतीचे जेवण या कामी फार उपयोगी पडते, कारण ते मोठ्या प्रमाणावर सहज बनते आणि बाफले तुपात बुडवून आणले की बराच वेळ चांगले राहतात. इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घरांना अंगण तरी असते किंवा गच्ची तरी. यात श्रम अधिक आहेत, भांडी आहेत, आवराआवर आहे. बाहेर जाण्याचा आनंदही नाही. तरीही सहस्रचंद्रदर्शन आणि डोहाळजेवण या दोन निमित्तांना मला हाच पर्याय योग्य वाटला, कारण ज्यांच्यासाठी हा सोहळा आहे त्या आजोबांना आणि त्या सुनेला घरीच राहण्याचा सल्ला तेव्हा दिलेला होता. उत्सवमूर्तीला धोक्यात घालून बाकीच्यांनी जेवणे मला पटत नाही. पाच घरांऐवजी दोन घरे बोलवावीत आणि उरलेल्यांकडे त्याच दिवशी तोच डबा पोहोचवावा.

शेवटी पैशांविषयी, कारण आमची चूक तेथेच झाली. आम्ही एका जागी रविवार, २२ नोव्हेंबरच्या रात्री साडेआठची वेळ घेऊन अर्धी रक्कम आगाऊ भरली होती. आदल्याच दिवसापासून संचारबंदी लागू झाली, सगळ्यांना दहाच्या आत घरी पोहोचवणे अशक्य दिसल्याने आम्ही बेत रद्द केला, आणि पैसे परत न देता ‘पुढच्या वेळी जमा धरू’ असे उत्तर मिळाले. लेखी काहीच नसल्याने वाद घालायला आधार नव्हता. म्हणून आगाऊ रक्कम शक्य तितकी थोडी द्यावी आणि तीन गोष्टी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्याव्यात : सरकारी आदेशामुळे बेत रद्द झाल्यास पूर्ण पैसे किती दिवसांत परत मिळतील, आदल्या दिवशी दुपारपर्यंत किती माणसे कमी करता येतील, आणि एखाद्या घरात कोणाला ताप आला तर त्या टेबलाचे पैसे लागतील की नाही. सेवा शुल्क मोठ्या गटाच्या बिलात बरेचदा आपोआप लावले जाई, पण त्या वेळी लागू असलेल्या ग्राहक व्यवहार विभागाच्या एप्रिल २०१७ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार ते देणे ऐच्छिक होते, तेव्हा तोही उल्लेख त्याच संदेशात असावा. या प्रश्नांना जो मालक लगेच आणि लेखी उत्तर देतो, त्याच्याकडे जेवण दोन पैसे महाग पडले तरी मी त्याच्याकडेच जाईन.